फर्मा आणि हात

साकोलीहून लाखनी, भंडारा करीत नागपूरला जाणारा हमरस्ता तुमच्या पायाखालचा आहे. पूर्वी त्याला सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग म्हणत. पुढे क्रमांक बदलले आणि तो त्रेपन्न झाला. अशा हमरस्त्याच्या कडेला मोटारींच्या सामानाची दुकाने असतात. सीटची कव्हरे, पायपुसणी, नंबराच्या पाट्या आणि काचेला मारावयाची फिल्म. ही फिल्म म्हणजे प्लास्टिकचा एक पातळ पापुद्रा. उन्हाचा ताप आणि डोळ्यांवर येणारी तिरीप कमी व्हावी म्हणून तो काचेला आतून चिकटवितात. पापुद्र्याची गुंडाळी कापडाच्या ताग्यासारखी येते आणि मोटारीची काच तर कोठे वाकडी, कोठे निमुळती. तेव्हा तो काचेच्या आकाराचा कापून घ्यावा लागतो.

कापावा कसा, यावर या धंद्यात दोन तट आहेत. एक तट म्हणतो, फिल्म काचेवर पसरा, हातात कटर घ्या आणि काचेच्या कडेकडेने कापा. दुसरा म्हणतो, प्रत्येक मोटारीच्या काचांचे आकार संगणकात साठविलेले आहेत. यंत्राला मोटारीचे नाव सांगा, यंत्र कापून देईल, तुम्ही फक्त चिकटवा. दोघांचे भांडण ऐकले म्हणजे मला मौज वाटते. कारण हेच भांडण मी फार पूर्वी, मोटारीचा मागमूस नसलेल्या एका ओसरीवर पाहिले आहे. ती ओसरी एकोडीतली. त्या ओसरीकडे आपण जाणारच आहोत. पण आधी काच बघू.

हाताने कापणारा काय करतो? तो साबणाचे पाणी काचेवर बाहेरून फवारतो आणि फिल्म त्यावर टाकतो. पाण्यामुळे ती सरकते, हवी तशी बसविता येते. मग कटरचे टोक काचेच्या कडेला लावून तो एका दमात रेघ ओढतो. खालची बाजू थोडी जास्त ठेवतो, कारण ती दाराच्या आत जावयाची असते. वरची कड घेण्यासाठी काच जराशी खाली उतरवितो. मग कापलेली फिल्म सोलून आतल्या बाजूला लावतो आणि रबरी पट्टीने पाणी काढीत जातो. बोलायला हे चार वाक्यांचे काम. पण कटरवर दाब किती द्यावयाचा? कमी पडला तर फिल्म फाटते, जास्त झाला तर गिऱ्हाइकाच्या काचेवर कायमचा ओरखडा उठतो. मागच्या काचेची गोष्ट त्याहून अवघड. ती दोन्ही अंगांनी फुगलेली असते आणि पापुद्रा असतो सपाट. कागद चेंडूवर लावून बघा, चुण्या पडतात की नाही? तशा चुण्या येथेही पडतात आणि गरम हवेच्या यंत्राने त्या आकसवून बसवाव्या लागतात. हा पापुद्रा एका दिशेने चांगला आकसतो, दुसऱ्या दिशेने कुरकुर करतो. कोणती दिशा कोठे धरावी, हे ज्याला कळले तो कारागीर.

त्याच्या हातातल्या कटरचाही इतिहास आहे. टोक बोथट झाले की तेवढाच तुकडा मोडून टाकावयाचा आणि पुढची कोरी धार वापरावयाची, असे पाते जपानात ओसाका येथे योशिओ ओकादा या गृहस्थाने १९५६ साली काढले. कागद कापताना पाते सारखे बोथट व्हावयाचे. चांभार फुटक्या काचेच्या धारेने तळ कापतात आणि धार गेली की काच पुन्हा फोडतात, हे त्याने पाहिले होते. चॉकलेटच्या वडीवर मोडण्यासाठी खाचा असतात, हेही त्याला ठाऊक होते. या दोहोंची सांगड घालून त्याने पात्यावर खाचा पाडल्या. आज शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला जे कटर मुले वापरतात ते त्याच कुळातले.

आणि तो पापुद्रा? तो तर आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी पॉलिएस्टरचा जो प्रकार शोधला, त्याचा धागा काढला तेव्हा टेरिलीन झाले. वडीलधाऱ्या मंडळींनी लग्नकार्यात मिरविलेला टेरिकॉटचा सदरा निम्माअधिक त्याचाच. त्याच पदार्थाची बाटली केली की पाण्याची बाटली होते आणि लाटून पापुद्रा केला की फिल्म. अमेरिकेतील थ्री-एम कंपनीला १९६६ साली खिडकीच्या काचेवर लावावयाच्या फिल्मचे पेटंट मिळाले. घरांवरून आणि कचेऱ्यांवरून ती मग मोटारींवर उतरली.

आता एक प्रश्न साहजिकच मनात येतो. शिंपी कागदाचे नमुने वापरतो, मग काचेसाठी तयार नमुने इतक्या उशिरा का आले? एबेनेझर बटरिक नावाच्या अमेरिकन शिंप्याने वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने १८६३ सालीच विकायला काढले होते. घरोघरच्या बायका ते विकत घेऊन कापड कापू लागल्या. आपल्याकडे मात्र शिंपी अंगाचे माप घेऊन कापड बेततो. बेतणे हा शब्दच किती बोलका आहे! शिंप्याच्या दुकानात जो बेततो आणि कापतो त्याला मास्तर म्हणतात, शिवणाऱ्याला म्हणत नाहीत. (शिक्षकबंधूंनी हा मान ध्यानात घ्यावा.) कापणाऱ्याला तो मान असण्याचे कारण साधे आहे. शिवण चुकली तर उसवता येते, कात्री चुकली तर येत नाही.

मोटारींच्या बाबतीत आपल्या देशात बरीच वर्षे नमुन्यांची गरजच नव्हती. रस्त्यावर धावावयाच्या त्या मुख्यतः दोन. एक उत्तरपाड्याच्या कारखान्यातली अँबेसेडर आणि दुसरी मुंबईच्या कुर्ल्यातली फियाट, जिला पुढे पद्मिनी हे नाव मिळाले. खाकी कागदावर दोघींच्या काचांचे आकार काढून खिळ्याला टांगले असते तरी भागले असते. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, १९९१ नंतर दारे उघडली आणि दहा-वीस वर्षांत इतक्या तऱ्हेच्या मोटारी आल्या की खिळे पुरेनात. एकाच नावाची मोटार दोन वर्षांनी अंगकाठी बदलून येते, तिची काच निराळी. अशा ठिकाणी कागदाचा नमुना निकामी ठरतो. त्यासाठी नमुन्यांचे भांडार हवे आणि भांडारातून हवा तो आकार क्षणात काढणारे यंत्र हवे.

ते यंत्र आपल्या तालुक्याच्या गावी आले ते दुसऱ्याच नावाने. नंबरपाटीवरची अक्षरे, ट्रकच्या पाठीवरची नावे, दुचाकीवरचे देवाचे चित्र हे सारे एके काळी ब्रशने रंगवीत. मग चिकट चकचकीत कागद आला, त्याला सगळ्यांनी रेडियम म्हटले (खऱ्या रेडियमशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे विज्ञानाच्या गुरुजींनी मुलांना जरूर सांगावे). तो कागद कापणारे संगणकी यंत्र म्हणजे रेडियमची मशीन. तिच्यात बारीक पाते असते. कागद पुढेमागे सरकतो, पाते डावी-उजवीकडे धावते आणि अक्षर कापले जाते. अक्षर जसे कापता येते तसा काचेचा आकारही कापता येतो. फिल्म कापणारे यंत्र हे याच जातीचे, फक्त अंगाने रुंद, कारण फिल्मची मोठी गुंडाळी साठ इंच पन्ह्याची असते. यंत्राने कापावयाचे तर गिऱ्हाइकाच्या मोटारीला पाते लागतच नाही, हा त्याचा मोठा गुण. ज्याने कर्ज काढून नवी मोटार घेतली आहे, त्याला हा गुण लगेच पटतो.

आता त्या ओसरीवर चला.

भंडारा जिल्हा म्हणजे तलावांचा आणि धानाचा जिल्हा. पण धान कापून झाले की उरलेल्या महिन्यांत पोट कशावर भरते? साकोली, तुमसर, तिरोडा, गोंदिया या साऱ्या पट्ट्यात बिडीने कित्येक पिढ्या घरे चालविली. (गोंदिया १९९९ च्या १ मेपासून वेगळा जिल्हा झाला, त्यापूर्वी तो भंडाऱ्यातच होता.) जंगलात टेंभुर्णी, म्हणजेच तेंदू. उन्हाळ्यात त्याची पाने तोडून, पुडे बांधून वाळवितात. बिडी वळण्याआधी ती भिजवून मऊ करतात आणि मग कापतात. कापताना पानावर एक पत्र्याचा तुकडा ठेवतात. त्याला म्हणतात फर्मा. फर्म्याच्या कडेने कात्री फिरली की बिडीच्या मापाचे पान तयार होते.

मी लहान असताना एकोडीला एका मामींच्या ओसरीवर हे काम बघत बसे. संध्याकाळी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पाने निघत. मामी पान उचलीत, क्षणभर उजेडात धरीत, फर्मा ठेवीत आणि कात्री चालवीत. मला वाटे, यात काय आहे, पत्रा तर सगळे सांगतोच आहे. एकदा मी हट्टाने फर्मा घेतला. मी कापलेल्या पानात मधोमध जाड शीर आली. दुसऱ्या पानाला भोक होते, ते मी नेमके फर्म्याच्या आत घेतले. मामी हसल्या आणि म्हणाल्या, "फर्मा तं सारखाच असते बाबू, पान कुठं सारखं असते?"

माझ्या मते या सगळ्या वादाचे मर्म मामींच्या त्या वाक्यात आहे. बिडीत आकार एकच, पण माल हरघडी वेगळा. एक पान मोठे, एक लहान, एकाला कीड, एकाची शीर जाड. म्हणून फर्मा एक पत्र्याचा तुकडा असला तरी चालतो. तो कोठे ठेवावा हे ठरविणे मात्र हाताकडे राहते. मोठ्या पानातून दोन तुकडे निघतील की एकच, हे त्या ठेवण्यावर ठरते. मोटारीच्या फिल्ममध्ये नेमके उलटे आहे. माल सारखा, गुंडाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तसूभर फरक नाही. पण आकार शेकड्यांनी वेगळे. म्हणून तेथे फर्मा सोपा राहिला नाही, त्याचे भांडार करावे लागले. आणि जेथे भांडार आले तेथे भांडाराचा धनी आला. पत्र्याचा तुकडा मामींच्या घरात होता. संगणकातले आकार दुकानदाराच्या घरात नसतात. ते बहुधा वर्षाची किंवा महिन्याची वर्गणी भरून वापरावयाचे असतात. वर्गणी संपली की यंत्र दुकानात आणि आकार परक्याच्या तिजोरीत.

पण फर्मा घरात होता म्हणून मामी धनी होत्या, असे समजू नका. बिडीची मजुरी हजारावर ठरते. हजार बिड्या वळून दिल्या की इतके पैसे. पाने भिजविण्याचा, निवडण्याचा, कापण्याचा वेळ त्या हजारातच जिरून जातो. कापणे रात्री व्हावयाचे, चुलीचे काम आटोपल्यावर. घरातली मुलेही हाताखाली बसत. त्या तासांची नोंद कोठेच नाही. वरून पान खराब निघाले, आकाराला कमी पडले, बिडी पोचट झाली, तर ती छाटीत जावयाची. छाट म्हणजे नापास झालेली बिडी. तिचे माप ठरविणारा निराळा आणि तिचा तोटा सोसणारा निराळा!

ही गोष्ट न्यायालयापर्यंत गेली आहे. नागपूरच्या दिवाणी न्यायाधीशांपुढे बिडी कामगारांच्या रजेच्या पगाराचे एक प्रकरण आले आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याचा निवाडा १९६१ च्या निवाडापुस्तकांत छापलेला आहे. मालकाचे म्हणणे असे की हे लोक वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा जातात, मोजून मजुरी घेतात, मग हे आमचे नोकर कसे? न्यायालयाने म्हटले की बिडी वळणे हे काही ऐसे काम नव्हे की त्यावर दिवसभर कोणी उभे राहून देखरेख करावी. दिवसाअखेर मापात न बसणारी बिडी नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे, तीच त्याची देखरेख. म्हणून ते कामगारच. मला हा विचार फार खोल वाटतो. मापाचा धनी समोर दिसत नसला तरी त्याचा हात कामावर असतो, हे न्यायालयाने ओळखले.

पुढे १९६६ साली बिडी आणि सिगार कामगारांसाठी संसदेने स्वतंत्र कायदा केला. त्यात दोन कलमे आपल्या विषयाची होती. एकात पाने भिजविणे आणि कापणे या कामाचा नाव घेऊन उल्लेख होता. कारखान्याच्या आवाराबाहेर ते करावयाचे तर सरकारची परवानगी मालकाने मागावी आणि त्याची नोंद ठेवावी, असे बंधन होते. मात्र ज्यांना घरीच बिड्या वळायला माल दिला जातो त्यांना हे बंधन नव्हते. म्हणजे मामींची रात्र पुन्हा नोंदीबाहेरच राहिली. दुसऱ्या कलमात कच्च्या मालाचा आणि छाटीचा तंटा झाला तर तो थोडक्यात मिटविण्याची सोय होती. कायदा करणाऱ्यांना तंटा नेमका कोठे होतो हे ठाऊक होते. तो वळण्यात होत नाही. तो कापण्यात, मापात आणि वाया गेलेल्या पानात होतो.

हे ध्यानात ठेवून पुन्हा हमरस्त्यावरच्या दुकानात या. फिल्म वाया गेली तर कोणाची गेली? हाताने कापणाऱ्याचे पाते घसरले तर दोष उघड आहे. त्याचा हात, त्याची चूक. यंत्राने आकार कापला आणि तो काचेवर दोन सुतांनी आखूड पडला, तर? आकार दुसऱ्याच सालच्या मोटारीचा असेल, किंवा काच पूर्वी एकदा फुटून बदललेली असेल. चिकटविणाऱ्या मुलाचा यात काय दोष? तरीही हिशेबाच्या वहीत ती फिल्म बहुधा त्याच्याच नावावर पडण्याची भीती. म्हणून जो मुलगा हे काम शिकायला निघाला असेल त्याने मालकाला पहिल्या दिवशी मजुरीबरोबर हेही विचारून घ्यावे. मामींना ते विचारता आले नव्हते.

कोणती रीत चांगली, याचे उत्तर तुम्ही मागाल. दाराच्या सपाट काचांसाठी यंत्र सरस आहे, यात मला शंका नाही. वेळ वाचतो, मोटारीला पाते लागत नाही, शिकाऊ मुलाच्या हातूनही साफ काम निघते. मागच्या फुगीर काचेवर यंत्राने कापलेला आकारही शेवटी गरम हवेने आकसवावाच लागतो, आणि तेथे अनुभवी हाताला पर्याय नाही. हात न शिकविता नुसते यंत्र दिले तर मुलगा चिकटविणारा होतो. त्याला आधी पंचवीस-पन्नास काचा हाताने कापू द्याव्या, मग यंत्रापुढे बसवावे. तुम्ही मुलांना आधी पाटीवर अक्षर गिरवायला लावता आणि मग टंकलेखन शिकविता, त्यातलाच हा प्रकार.

एक गोष्ट मात्र यंत्र आणि हात दोघांच्याही वर आहे, ती म्हणजे कायदा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील शंभराव्या नियमाने ठरविले की पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान सत्तर टक्के आणि बाजूच्या काचांतून निदान पन्नास टक्के प्रकाश पार गेला पाहिजे. लोकांनी हे फारसे मनावर घेतले नाही; काळ्याकुट्ट काचा ही तर मोठेपणाची खूण झाली. मग अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल दिला की काचेवर कोणत्याही टक्क्याची काळी फिल्म चिकटविता येणार नाही. ४ मेपासून तो अमलात आला. ऐन उन्हाळा! ज्यांनी वर्षानुवर्षे हात कमावला होता त्यांच्याकडे गिऱ्हाइके आली ती फिल्म काढून घ्यायला. ज्या हाताला कापणे साधले होते त्याला खरवडण्याचे काम मिळाले. यंत्रामुळे पोट जाण्याची भीती होती. ते तूर्त गेले ते निकालामुळे. इतिहासात असे पुष्कळदा होते.

पुढे २०२० साली केंद्र सरकारने शंभराव्या नियमात दुरुस्ती करून प्लास्टिकचा थर असलेल्या सुरक्षित काचेलाही जागा दिली, आणि त्या दुरुस्तीच्या आधारे केरळच्या उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटले की ठरलेले टक्के पाळणारी फिल्म लावली म्हणून दंड करता येणार नाही. सत्तर आणि पन्नास हे आकडे मात्र जसेच्या तसे आहेत. काच स्वतःच थोडा प्रकाश अडविते, हे ध्यानात घ्या. म्हणजे फिल्मवर पन्नास लिहिले असेल आणि ती बाजूच्या काचेवर लावली, तर दोन्ही मिळून पन्नासाच्या खालीच जाते. फिल्म लावून घ्यावयाची तर दुकानदाराकडून एकूण टक्के किती राहतील हे लिहून घ्यावे. आणि मागची काच लावीत असेल तेव्हा जवळ उभे राहून बघावे. यंत्रातून निघालेला आकार काचेवर बसविल्यावर एखाद्या कोपऱ्याला कण जास्त भरतो. तेव्हा चांगला कारागीर खिशातून कटर काढतो, बोथट झालेले टोक मोडून डबीत टाकतो आणि तेवढा कोपरा हातानेच घेतो.